चिंतामणराव देशमुख : एका अर्थसल्लागाराची वाटचाल
(नेरे येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. अर्थशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. तरीही चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव सांगितले. त्याचे कारण ओघात येईलच.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाड तालुक्यातील नाते या गावी, रायगडाच्या परिसरात झाला. वडील वकील होते. 1912 साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला ते शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र! 1918 साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावून ते मध्यप्रांत-वऱ्हाडात रुजू झाले आणि तेथेच अर्थखात्याचे सचिव झाले. झाडापानांचा अभ्यास केलेला मनुष्य सरकारी हिशेबात कसा रमला, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. ज्याला नीट पाहण्याची सवय लागली, त्याला पान काय आणि खातेवही काय, दोन्ही सारखीच.

1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले व ऑगस्ट 1943 मध्ये तिचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. पुढल्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत त्यांनी देशाची बाजू मांडली. फाळणीनंतर काही काळ एकच बँक दोन्ही देशांचे काम पाहत होती. घर वाटले तरी तिजोरी एकत्र, असा तो अवघड प्रसंग होता. 1950 साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि 1952 साली आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले.

त्यांच्या कारकिर्दीतील एका गोष्टीवर आम्ही थोडे थांबणार आहोत. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत आयुर्विम्याच्या 25 कंपन्या बुडाल्या होत्या आणि तितक्याच कंपन्यांनी पैशांची अशी वासलात लावली होती की त्यांचा कारभार दुसऱ्यांच्या हाती द्यावा लागला. हे पैसे कोणाचे? कारकुनाचे, विधवेचे, मास्तरांचे. जानेवारी 1956 मध्ये चिंतामणरावांनी आयुर्विम्याचा कारभार सरकारच्या ताब्यात घेतला. 245 संस्था एकत्र करून त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. मात्र तो दिवस पाहण्यास ते मंत्रिपदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा बेत त्यांना मान्य नव्हता. म्हणून त्यांनी राजीनामा दिला होता. आपला सल्ला मानला जात नसेल तर खुर्चीला चिकटून बसू नये, एवढे ते जाणत होते.

आता आमची गोष्ट. आम्ही निवृत्त झालो तेव्हा हाती आलेल्या रकमेतील दोन लाख रुपये एका पतसंस्थेत ठेवले. व्याज बँकेपेक्षा बरेच जास्त होते आणि सांगणारा आमचाच जुना विद्यार्थी होता. संस्थेचे दार बंद झाले, तेव्हा तोही आमच्याइतकाच फसलेला निघाला. घरातून एक शब्द ऐकावा लागला नाही, हेच अधिक लागले. मुलांना पाढे शिकविणाऱ्यास एक साधा प्रश्न विचारता आला नाही, की ही ठेव विम्याखाली आहे काय?

तो प्रश्न आम्ही आज आपणांस देतो. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण 1962 पासून आहे. फेब्रुवारी 2020 पासून एका ठेवीदारास एका बँकेमागे व्याजासह पाच लाखांपर्यंत ते मिळते. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत. पाटी रंगविताना दोन्ही सारख्याच दिसतात! तसेच फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने सेबीकडे नोंदणी केलेली असावी, असा 2013 चा नियम आहे. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून कोणी रागावला, तर चहा पाजून त्यास वाटेला लावावे.

पनवेलच्या या पट्ट्यात अनेक घरांत जमिनीचे पैसे आले आहेत. भात पिकविणाऱ्या हातांत एकदम एवढी रक्कम येते आणि गोड बोलणारे पाहुणे वाढतात. जमीन तर पुन्हा मिळणार नाही. चिंतामणराव 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादेस निवर्तले. त्यांना विचारावयास आता जाता येत नाही.

भोजनास अवकाश आहे. ज्यांनी ठेवींच्या पावत्या बरोबर आणल्या असतील त्यांनी मागच्या खोलीत यावे. माताभगिनींनी संकोच करू नये. आम्ही चष्मा आणला आहे. संस्थेचे नाव आणि त्याखालचा बारीक मजकूर आपण सोबत बसून वाचू.