टोलेबाजाची उमेदवारी

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात धान निघून बांध्या रिकाम्या झाल्या की पोरांचे क्रिकेट रंगू लागते. चेंडू झाडीपार भिरकावणारा एखादा मुलगा बहुतेक प्रत्येक गावी असतो. अशा टोल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या जिल्ह्यांची वाट नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघटनेकडे जाते. त्याच वाटेने पुढे आलेले अमरावतीचे जितेश शर्मा यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

शर्मा यांचा जन्म 1993 सालचा. यष्टिरक्षण आणि जोरकस फलंदाजी हे त्यांचे दुहेरी भांडवल होय. 2015-16 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्यांनी 343 धावा केल्या; त्यांत एक शतक होते. त्याचे फळ म्हणून 2016 साली मुंबईच्या आयपीएल संघाने त्यांस दहा लाख रुपयांस घेतले. परंतु त्या संघाकडून एकही सामना त्यांच्या वाट्यास आला नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली कनिष्ठ संघांची उतरंड असते. तेथे होतकरू टोलेबाज रोज खेळून पायरी-पायरीने वर चढतो. आपल्याकडे लिलावात घेतलेल्या खेळाडूस अशी पायरी नाही. संधी न मिळाल्यास त्याने आपल्या प्रांताच्या संघाकडे परतावे, हाच मार्ग. शर्मा यांस तेथेही जागा अपुरी होती. विदर्भाने 2017-18 व 2018-19 अशी दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा यष्टींमागे अक्षय वाडकर उभे होते. शर्मा यांच्या हाती उरले ते मुख्यतः मर्यादित षटकांचे सामने. त्यांवरच त्यांनी आपली उमेदवारी जिवंत ठेवली.

अखेर 2022 साली पंजाबने त्यांस वीस लाखांस घेतले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते आयपीएलमध्ये प्रथम खेळले आणि त्या हंगामात 12 सामन्यांत त्यांनी 234 धावा केल्या. पुढे बंगळूरने अकरा कोटी रुपये मोजले. 27 मे 2025 रोजी लखनौ येथे 228 धावांचे लक्ष्य समोर असता कर्णधार या नात्याने त्यांनी 33 चेंडूंत नाबाद 85 धावा फटकावल्या व सामना जिंकून दिला. 3 जून रोजीच्या अंतिम सामन्यात त्यांनी अवघ्या 10 चेंडूंत 24 धावा केल्या. संघाचा विजय केवळ सहा धावांनी झाला.

तथापि टोलेबाजाचे आसन कधीच स्थिर नसते. 2026 च्या विश्वचषकाच्या भारतीय संघात शर्मा यांस स्थान मिळाले नाही. त्या दहा चेंडूंमागे दहा वर्षांची प्रतीक्षा होती, आणि ती निभावली ती प्रांताच्या लहानमोठ्या सामन्यांमुळे. बांधीतल्या पोरास टोला निसर्ग देतो. तो टिकवण्यास लागणारे सामने मात्र माणसांनीच भरवावयाचे असतात. गडचिरोलीच्या मुलाचे भवितव्य त्याच्या मनगटाइतकेच या सामन्यांवरही अवलंबून आहे.