बाहेरचा दबाव आणि आपला लढा
(पिपरी मेघे येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, पिपरी मेघेच्या मेळाव्यात तुर्कस्तान कशाला, असं वाटेल. पण प्रश्न नवऱ्याच्या बळजबरीचा आहे, आणि तो घरोघरी आहे.

तुर्कस्तानला युरोपीय संघात जायचं होतं. आधी मानवी हक्कांचे कायदे सुधारा, ही संघाची अट. तिथल्या स्त्री-संघटना २००२ पासूनच फौजदारी कायद्यातल्या बदलांसाठी झगडत होत्या. दबाव आला तेव्हा त्यांच्या मागण्या तयार होत्या. सप्टेंबर २००४ मध्ये सरकारने व्यभिचार गुन्हा ठरवण्याचा घाट घातला. बायकांनी संसदेवर मोर्चा नेला, युरोपनेही डोळे वटारले; कलम मागे घ्यावं लागलं. नव्या कायद्यात नवऱ्याने केलेला बलात्कार गुन्हा ठरला.

पुढे सदस्यत्वाची बोलणी थंडावली. २०२१ मध्ये तुर्कस्तानने स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा इस्तंबूल करार सोडला. विरोधात पुन्हा बायकाच रस्त्यावर आल्या.

आपल्या विदर्भातल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर देशभर बायका उठल्या, म्हणून १९८३ मध्ये कायदा बदलला. पण सज्ञान बायकोवर बळजबरी करणाऱ्या नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून भारतीय न्याय संहितेतही सूट आहे. इथे कुठला युरोप डोळे वटारणार नाही. पुढच्या बैठकीत हे कलम सगळ्या मिळून वाचू या, आणि मागणी लिहून काढू या.