अर्ध्या वाटेवरचें कॉलेज

माझे कांहीं जुने विद्यार्थी कॅलिफोर्नियांत संसार थाटून आहेत. त्यांच्या पत्रांतून अलीकडे एकच प्रश्न येतो. मुलीला जागतिक घडामोडींचा अभ्यास, ज्याला तिकडे ग्लोबल स्टडीज म्हणतात, तो करावयाचा आहे. तर दोन वर्षें कम्युनिटी कॉलेजांत काढून मग विद्यापीठांत जावें काय? अवश्य जावें, असें माझें मत आहे. फी पुष्कळ कमी पडते, आणि १९६० सालीं त्या राज्यानें उच्च शिक्षणाची योजना आंखली, तींतच ही वाट राखून ठेविली आहे. तें दुय्यम शिक्षण, हा आपल्याकडील समज सोडून द्यावा.

मात्र दोन वर्षें दिसतात तेवढीं मोठीं नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्यास साठ सेमिस्टर युनिटें लागतात. तीं कशींही जमविलीं कीं काम झालें, असें मुलांस वाटतें, आणि घोटाळा येथेंच होतो. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठीं सामान्य विषयांची ‘कॅल-जेटसी’ नांवाची यादी आहे. तींत निदान अकरा विषय, चौतीस युनिटें. इंग्रजी लेखन, गणित, शास्त्र, कला, समाजशास्त्रें हें सर्व तींत आहे. परकी भाषा मात्र नाहीं. उलट ग्लोबल स्टडीजला कांहीं ठिकाणीं दोन वर्षांइतकी भाषा हवी असते.

आतां भाषा ही शिडी आहे. स्पॅनिशचा पहिला वर्ग झाल्यावांचून दुसरा मिळत नाहीं. चार पायऱ्या म्हणजे चार सत्रें, म्हणजे पुरीं दोन वर्षें! त्यांत लहान कॉलेजांत वरचा वर्ग दरवेळीं भरेलच असें नाहीं. जी मुलगी सामान्य यादी आधीं उरकून दुसऱ्या वर्षीं भाषेला हात घालते, तिला उरलेल्या पायऱ्या विद्यापीठाची फी भरून चढाव्या लागतात. म्हणून पहिल्या सत्राच्या वेळापत्रकांत प्रथम भाषा बसवावी, मग बाकीचें.

कोणत्या कॉलेजाचा कोणता विषय कोणतें विद्यापीठ मानतें, याची ‘असिस्ट’ नांवाची सरकारमान्य नोंद कोणासही पाहतां येते. नांवावर विसंबूं नये. नांव तेंच असूनही विषय मानला जाईलच असें नसतें. सँटा बार्बरा, बर्कली, लॉस एंजेलिस यांच्या याद्या शेजारी ठेवून जें सर्वांस सामाईक असेल तें आधीं घ्यावें.

प्रवेशाच्या हमीचा करारही आहे, पण तो सहाच ठिकाणीं: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. शिवाय प्रत्येक विषयाला तो लागू असतोच असें नाहीं. त्याचा अर्ज सप्टेंबरांत असतो, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या अगदीं आरंभीं. तोंवर दोनच सत्रें पदरीं पडलेलीं असतात! पुढील सत्रांचा आराखडा तेव्हां तयार हवा.

घरीं मराठी बोलणाऱ्या मुलीला वाटेल, आपल्याला दुसरी भाषा येतेच कीं. ती मोजली जाईल कीं नाहीं, हें प्रत्येक विद्यापीठास लेखी विचारावें, आणि तेंही पहिल्या सत्राचे वर्ग निवडण्यापूर्वीं.