नव्या घराचा नळ

2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने ग्रामीण घरांना नळाने दरडोई दररोज 55 लिटर पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवले. आळंद तालुक्यातील मादन हिप्परगा यांसारख्या गावी प्रथमच घर बांधणाऱ्याने नळी गटारातून कदापि नेऊ नये. पुरवठा थांबताच नळीतील दाब उतरतो आणि सैल सांध्यातून घाण आत ओढली जाते. दाब कमी म्हणून खड्ड्यात तोटी बसविण्याची रीतही घातकच. साचलेले सांडपाणी उघड्या तोटीतून उलट शिरते. जलवाहिनीस थेट मोटार लावल्यास हाच धोका, शिवाय शेजारी कोरडा राहतो. घराच्या तोंडाशी व्हॉल्व्ह हवा. घाईत तोच विसरला जातो. गिलाव्यापूर्वी नळीत पाणी सोडून सांधे तपासावेत.