स्वामीजींचा दुसरा संन्यास

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियात बेन्वे नावाचं एक राज्य आहे. हायसिंथ आलिया हे कॅथलिक धर्मगुरू २०२३ मध्ये तिथले गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्याआधी, ते राजकारणात उतरले तेव्हाच, त्यांच्या बिशपांनी त्यांना सार्वजनिक धर्मकार्यातून दूर केलं होतं. कॅथलिक चर्चचा नियम स्पष्ट आहे. धर्मगुरूने शासनसत्तेचं पद घेऊ नये.

आपल्याकडच्या संन्याशाला रोखणारा बिशप नसतो. भगवी वस्त्रं घालून राजकारणात उतरायचं, तर कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. स्वामी रामानंद तीर्थांनी ते कसं ठरवलं, हा माझा आजचा विषय. या शहराने त्यांना १९५७ साली लोकसभेत पाठवलं होतं. आपल्याला त्यांचा तुरुंगवास आठवतो, ही खासदारकी मात्र आपण विसरतो.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, यांचा जन्म १९०३ सालचा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. मुलूख कानडी, शिक्षण मराठी. तरुणपणी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केलं. कामगारांचे प्रश्न, संघटना बांधणं, कागदपत्रं नीट ठेवणं हे सगळं ते तिथे शिकले. म्हणजे संन्यास घेण्याआधी हा माणूस कामगार चळवळीत तयार झालेला होता. मग ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले, तिथल्या काळात संन्यास घेतला आणि १९३५च्या सुमारास अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीच्या शाळेत आले. सहकारी बाबासाहेब परांजपे सोबत होते. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर गस्ती निशाण ५३ या हुकमाखाली परवानगी काढावी लागे. अशा राज्यात शाळा हीच एक जागा होती, जिथे चार माणसं एकत्र बसली तरी सरकारला लगेच हरकत घेता येत नसे. मुक्तिलढ्याचे कितीतरी कार्यकर्ते या वर्गखोल्यांतून आले.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात आपल्या या शहरात इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडायला नकार दिला. चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरली. काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ साल उजाडावं लागलं. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. भारत सरकार आणि निजाम यांच्यातल्या जैसे थे करारानंतर सुटका, २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा अटक आणि पोलीस कारवाई होऊन निजामाने शरणागती पत्करल्यावर शेवटची सुटका. हा इतिहास आपण दर १७ सप्टेंबरला सांगतो, म्हणून मी तो झरझर सांगितला.

मला थांबायचं आहे ते पुढच्या आठ वर्षांवर.

मुक्तीनंतर स्टेट काँग्रेसमध्ये दोन गट होते, बुर्गुल रामकृष्णरावांचा एक आणि स्वामीजींचा दुसरा. स्वामीजी गटातटांच्या पलीकडे होते असं म्हणणं भक्तीला शोभेल, इतिहासाला नाही. ते एका गटाचे नेते होते, आणि जहागिरदारी मोडावी, कूळ जमिनीचा मालक व्हावा यासाठी हा गट हट्टाने भांडत होता. १९५२ साली मुख्यमंत्री बुर्गुल झाले. स्वामीजींनी मंत्रिपद कधीच घेतलं नाही. ते गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले.

पण पद न घेणं ही गोष्ट मला त्यांच्या बाबतीत फार मोठी वाटत नाही. खरी कसोटी राज्य पुनर्रचनेच्या वेळी लागली. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. या तिन्ही मुलखांत ज्यांचं नाव घरोघरी माहीत होतं, असे नेते मोजकेच होते आणि त्यांत स्वामीजी आघाडीवर. हैदराबाद राज्य अखंड राहिलं असतं, तर सर्वांत मोठा राजकीय लाभ त्यांनाच होता. राज्य टिकावं असं वाटणारेही कमी नव्हते. नेहरूंचा सुरुवातीचा कल तोच होता. तरीही स्वामीजींनी आग्रह धरला तो त्रिभाजनाचा. निजाम राजप्रमुख म्हणून विराजमान असलेलं हे राज्य मोडल्याशिवाय लोकांना आपल्या भाषेत कारभार मिळणार नाही, ही त्यांची खात्री होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य नकाशावरून गेलं आणि त्याबरोबर स्वामीजींचं स्वतःचं राजकीय मैदानही गेलं.

घर आणि नाव सोडणारे संन्यासी पुष्कळ झाले. स्वतःच्या हाताने घडवलेला मतदारसंघ, संघटना आणि कार्यकर्त्यांची फळी तीन राज्यांत वाटून देणारा राजकारणी मला दुसरा आठवत नाही. म्हणून १९५६ला मी त्यांचा दुसरा संन्यास मानतो, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढच्याच वर्षी या शहराने, तेव्हाच्या औरंगाबादने, त्यांना निवडून दिलं. एका कानडी आणि एका मराठी मतदारसंघाने लागोपाठ दोन निवडणुकांत एकाच माणसाला लोकसभेत पाठवावं, हे त्या माणसाइतकंच त्या मतदारांचंही मोठेपण आहे.

पुढे ते सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं विद्यापीठ नांदेडला झालं ते १९९४ साली. त्याच वर्षी मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळालं. ते मिळावं म्हणून त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ याच शहरातून वर्षानुवर्षं झगडले होते, कारण महाराष्ट्रात सामील होताना मराठवाड्याने मागणीची यादी पुढे केली नव्हती. पाणी, रेल्वे आणि नोकऱ्यांच्या अनुशेषाचा तो हिशोब गोविंदभाई २००२ पर्यंत, अखेरपर्यंत, मांडत राहिले. तो अजून पुरा व्हायचा आहे.