कळण्याआधीचे आठवडे



 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्याच्या पाठीवर पंप, त्यालाच विष भिनलं, म्हणून ती मरणं मोजता आली. पण फवारणीसाठी पाणी वाहणारी, फवारलेल्या पिकात निंदणारी, नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुणारी बाई कुठल्याच यादीत नाही. तिच्या पोटातला जीव तर नाहीच नाही.

अशा जिवांचा हिशेब डेन्मार्कमध्ये मांडला गेला. हरितगृहांत राबणाऱ्या बायकांच्या 113 मुलग्यांची पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांच्या वयात त्यांच्यापैकी 6.2 टक्के मुलांचे अंडकोष खाली उतरलेले नव्हते; कोपनहेगन परिसरातल्या मुलांत हेच प्रमाण 1.9 टक्के होतं. ज्यांच्या आयांचा कीटकनाशकांशी संपर्क आला, त्यांचे अंडकोष इतरांहून लहान आणि टेस्टोस्टेरॉनही कमी आढळलं. तिथं गरोदर बायकांसाठी खास दक्षतेचे नियम होते, तरीही हे घडलं. मुलग्याची जननेंद्रियं घडतात ती साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यांत. दिवस गेल्याचं लक्षात येऊन काम बदलून मिळेपर्यंत ही वेळ दारात आलेली असते. शिवाय डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईसारखी द्रव्यं चरबीत आधीच साठलेली असतात, आणि डीडीई पुरुषी संप्रेरकाची वाट अडवतं, हे 1995पासून ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, 113 मुलं म्हणजे मूठभर. नेमकं कोणतं औषध दोषी, तेही ठरलेलं नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच इथं एकाच औषधाला आरोपी करायचं नाही. शेतातल्या बाईच्या अंगावर तरी एकटं औषध कुठं येतं? सुटसुटीत उपाय सुचवला जातो, की गरोदर बाईला कामावर घेऊ नका. त्यात तिची मजुरी बुडते आणि उशीर व्हायचा तो झालेलाच असतो. बदलायची ती फवारणी: औषधं कमी नि निवडून, फवारल्यावर शेत ठरावीक दिवस बंद, आणि हे नियम प्रत्येक बाईसाठी, गरोदर असो वा नसो. कीड सोडून द्या, असं कुणीच म्हणत नाही.

कापूस वेचणारी बाई ओटी बांधते ती पोटावरच. तिची ओटी भरायला आपण सातव्या महिन्यात जातो. मुलाचं बरंच काही तोवर ठरून गेलेलं असतं. या परिषदेनं त्याआधीच्या आठवड्यांचा विचार करावा, एवढीच विनंती.