तूं कोण, हें कोणीं ठरवावयाचें ?

(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेपुढें एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकतांच कांहीं जण गालांत हसले. हसून घ्या, पण उठूं नका. कारण ही गोष्ट आतां शहरांतल्या विद्वानांपुरती राहिली नाहीं, ती ग्रामपंचायतीच्या उमेदवारी अर्जापर्यंत येऊन पोंचली आहे.

जळगांव जिल्ह्यांत भादली बुद्रुक म्हणून गांव आहे. तेथें 2021 च्या जानेवारींत ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारानें बायकांसाठीं राखलेल्या जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानें तो फेटाळला. तृतीयपंथीयांसाठीं जागाच राखलेली नाहीं, तेव्हां अर्ज चालत नाहीं, असें त्याचें म्हणणें. म्हणजे माणूस पंगतींत हजर, पण बसावयाला पाट नाहीं ! प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें. आपण स्त्री आहोंत, आणि सोईसाठीं पुढें कधीं पुरुष म्हणवून घेणार नाहीं, असें उमेदवारानें कोर्टापुढें गांभीर्यानें सांगितलें. कोर्टानें तें मानलें व अर्ज घ्यावयास लाविला. आणि गांवानें मतें देऊन बाईंना निवडून दिलें.

विद्वान लोक ह्याला 'लिंगभावाची ओळख' म्हणतात. शब्द जड, पण अर्थ सोपा. तीन गोष्टी वेगळ्या करा. पहिली शरीराची घडण. ती जन्मतः मिळते. दुसरी बाई-बाप्यांच्या कामाची व वागण्याची रीत. ती समाज लावून देतो. नांगर बाप्यानें धरावा, चूल बाईनें फुंकावी, हें कोणाच्या हाडांत लिहिलेलें नाहीं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 1882 सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, बायकांच्या माथीं मारलेले दुर्गुण पुरुषांतही कसे आहेत, तें दाखविलें. पुढें 1949 सालीं फ्रान्सांत सिमोन द बोव्हुआर बाईंनीं, स्त्रीपण हें घडविलेलें असतें, असें मोठ्या ग्रंथांत मांडलें. तिसरी गोष्ट म्हणजे आपण बाई, पुरुष, कीं दोन्हींहून निराळे, ही ज्याची त्याची आंतली जाणीव. 1960 नंतर अमेरिकेंतील रॉबर्ट स्टोलर या मनोवैद्यानें तिचा अभ्यास केला व तिला हें नांव रूढ झालें. बहुतेकांत ह्या तिन्ही गोष्टी जुळलेल्या असतात, थोड्यांत नसतात. यल्लमाच्या जत्रेंत लुगडें नेसणारे जोगते कोणीं पाहिले नाहींत ? माणसें जुनीं, शब्द तेवढा नवा.

मग तंटा कशाचा ? ती जाणीव सरकारी दप्तरांत कोणाच्या सांगण्यावरून लिहावयाची, त्याचा. 1871 सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यांत हिजड्यांचीं नांवें सरकारी वहींत टिपण्याचें कलम होतें. त्या वहींतल्या माणसानें उघड्यावर बायकी वेष केला किंवा नाचगाणें केलें, तर दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करण्याची बंदी, मूल दत्तक घेण्याची बंदी. लिहिणारें सरकार, भोगणारा तो ! 2014 च्या 15 एप्रिलला सुप्रीम कोर्टानें हें उलटविलें. आपण कोण हें ज्याचें त्यानें सांगावें, त्याला शस्त्रक्रियेची अट नसावी, आणि तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेले समजून राखीव जागा द्याव्या, असा निकाल दिला. 2019 च्या कायद्यानें मात्र दाखला देणें जिल्हादंडाधिकाऱ्याच्या हातीं ठेविलें, आणि राखीव जागांचें नांवही काढलें नाहीं.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विलायतेंत कांहीं स्त्रिया विचारतात, कीं नुसत्या सांगण्यावरून बाई मानलें, तर बायकांचे तुरुंग, आसरे व खेळांचे सामने यांचें काय ? तेथील सुप्रीम कोर्टानें 2025 च्या 16 एप्रिलला, 2010 च्या समतेच्या कायद्यांतील 'स्त्री' म्हणजे जन्मानें स्त्री, असा अर्थ लाविला. तृतीयपंथीयांना भेदभावापासून व छळापासून त्या कायद्याचें संरक्षण आहेच, असेंही सांगितलें. ह्या बायकांची भीति उडवून लावूं नये. पुरुषानें नाडलेल्या बाईला बंद दाराची गरज असते. पण जेथें अडचण असेल, तेथल्यापुरता नियम करावा. एका दारासाठीं सारी वेस बंद करूं नये. भादलीच्या निकालांत एक वाट दिसते : ओळख ज्याची त्यानें सांगावी, आणि दिलेला शब्द पाळावा.

मंडळी, हा प्रश्न आपल्याला परका नाहीं. कोल्हापुरांत 1899 सालीं खुद्द शाहू छत्रपतींना, तुम्ही शूद्र, तुम्हांला पुराणोक्तच, असें भटजीनें ऐकविलें. तेव्हां आपल्या वाडवडिलांनीं काय विचारलें ? आमची पायरी ठरविणारे तुम्ही कोण ? जो प्रश्न आपण आपल्यासाठीं विचारला, तोच दुसऱ्यानें विचारला तर हसावें काय ?

तेव्हां एवढें करा. पोरगा मुलीसारखा वागतो म्हणून त्याला मारूं नका, घराबाहेर घालवूं नका. घर सुटलें कीं शाळा सुटते. शाळा सुटली कीं टाळी वाजवून पैसे मागण्यावांचून गति उरत नाहीं. आणि मग आपणच त्याला निलाजरा म्हणतों. शाळेच्या पटावरून त्याचें नांव कमी होऊं देऊं नका. त्याला काय म्हणून हांक मारावयाची, तें त्यालाच विचारा. विचारण्याला पैसा पडत नाहीं.